मेमरी चिपच्या कंपनीचा निकाल: नफा शेवटी वाचा

सुरतेच्या कोसाड-अमरोली भागातल्या मराठी घरांतून सध्या दोन प्रश्न सारखे येतात. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनचा शेअर घ्यावा का, हा एक. अहमदाबादजवळ साणंदला त्यांचा कारखाना उभा राहिला आहे, तिथं पोराला नोकरी लागेल का आणि लागली तर टिकेल का, हा दुसरा. विचारणाऱ्यांत कुणी लूमवर काम करतो, कुणी रिंग रोडच्या मार्केटमध्ये पेढीचा हिशेब लिहितो, कुणाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या हातातला पैसा जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इथं येऊन, पाळीमागून पाळी करून साठवलेला आहे. अशा पैशाबद्दल ‘घ्या’ किंवा ‘नको’ असं एका शब्दात बोलणं मला योग्य वाटत नाही. कंपनी दर तीन महिन्यांनी निकाल जाहीर करते, तो कुणालाही फुकट वाचता येतो आणि दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यातच असतात. तो कसा वाचायचा, ते इथं सांगतो. यातले आकडे डिसेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या निकालापर्यंतचे आहेत.

बहुतेकांची गल्लत जिथं होते ती गोष्ट आधीच सांगून टाकतो. मेमरी चिपच्या कंपनीत नफ्याचा आकडा सर्वांत शेवटी वाचायचा. आधी मालाचा भाव, मग गोदामातला साठा, मग यंत्रांवरचा खर्च. बातमीत मात्र नफा सर्वांत वर असतो आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात तर फक्त नफाच असतो.

कंपनी विकते काय

मायक्रॉन 1978 साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बॉइसी या गावात सुरू झाली. 2017 पासून तिचे प्रमुख संजय मेहरोत्रा आहेत. कानपूरला जन्मलेले हे गृहस्थ सॅनडिस्कच्या संस्थापकांपैकी एक. कंपनी मुख्यतः दोन प्रकारची मेमरी विकते. एक डीरॅम, म्हणजे मोबाइल किंवा संगणक चालू असताना काम करणारी मेमरी. वीज गेली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं. दुसरी नँड, जिच्यात फोटो आणि फायली वीज नसतानाही टिकतात. पेन ड्राइव्ह, एसएसडी, मोबाइलचं स्टोरेज हे सगळं नँड. 2025 च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या विक्रीतला सुमारे तीन चतुर्थांश वाटा डीरॅमचा होता. म्हणून निकाल वाचताना डीरॅमवर नजर ठेवली तरी कंपनीची बरीचशी तब्येत कळते.

जगात डीरॅमचा धंदा तीन कंपन्यांच्या हाती एकवटला आहे: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि ही मायक्रॉन. तिघींचा मिळून वाटा नव्वद टक्क्यांच्या वर जातो. पूर्वी या धंद्यात बऱ्याच कंपन्या होत्या. जर्मनीची किमोंडा 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा 2012 मध्ये, आणि एल्पिडा पुढच्या वर्षी मायक्रॉननेच विकत घेतली. मोठमोठ्या कंपन्या कोणत्या गोष्टीमुळे बुडाल्या, ते समजलं की उरलेल्यांचा ताळेबंद वाचणं सोपं जातं. ती गोष्ट म्हणजे भाव.

भाव

मायक्रॉनचं आर्थिक वर्ष आपल्यासारखं मार्चमध्ये संपत नाही, ऑगस्टच्या अखेरीस संपतं. तिमाही निकाल सर्वसाधारणपणे सप्टेंबर, डिसेंबर, मार्च आणि जूनच्या शेवटाकडे येतात. आता चार वर्षांचे आकडे पाहा. 1 अब्ज म्हणजे 100 कोटी, एवढं लक्षात असू द्या.

2022 मध्ये विक्री 30.76 अब्ज डॉलर, निव्वळ नफा 8.69 अब्ज. 2023 मध्ये विक्री निम्म्यावर येऊन 15.54 अब्ज आणि नफा तर नाहीच, 5.83 अब्ज डॉलरचा तोटा. 2024 मध्ये विक्री 25.11 अब्ज, नफा जेमतेम 78 कोटी डॉलर. 2025 मध्ये विक्री 37.38 अब्ज, नफा 8.54 अब्ज. एका डॉलरला 88 रुपये धरले तर हा शेवटचा नफा सुमारे 75 हजार कोटी रुपये होतो. त्यापुढची तिमाही नोव्हेंबर 2025 मध्ये संपली. त्या एकाच तिमाहीची विक्री 13.64 अब्ज आणि नफा 5.24 अब्ज डॉलर. म्हणजे 2023 च्या अख्ख्या वर्षात जेवढा माल विकला, त्याच्या जवळपास पैशांची विक्री तीन महिन्यांत झाली.

कंपनी तीच, प्रमुख तोच, कारखानेही बहुतांशी तेच. मग तीन वर्षांत एवढा चढउतार कशानं होतो?

सुरतेत ग्रे कापडाच्या धंद्याजवळ राहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. एकाच जातीचा, एकाच मोजाचा ताका सायण रस्त्यावरच्या कारखान्यातून आला काय किंवा पांडेसऱ्यातून आला काय, व्यापारी त्याला बाजारभावच देतो. बाजारात माल कमी असला की सगळ्यांना भाव मिळतो, माल वाढला की सगळ्यांचा भाव पडतो. मेमरी चिप नेमकी अशीच आहे. तिची मापं आणि क्षमता जगभरासाठी ठरलेल्या मानकांनुसार असतात, त्यामुळे संगणक बनवणारा सॅमसंगची काढून मायक्रॉनची चिप बसवू शकतो. प्रोसेसरचं तसं नसतं. प्रोसेसरच्या कंपनीकडे स्वतःची रचना आणि त्या रचनेला बांधलेलं गिऱ्हाईक असतं. मेमरीवाल्याकडे मुख्यतः बाजाराचा भाव असतो.

फरक एवढाच की लूम हवा तेव्हा बंद ठेवता येतो. चिपचा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर आणि काही वर्षं लागतात, एका सिलिकॉन चकतीवर चिप तयार व्हायला काही महिने जातात आणि यंत्रांचा घसारा उत्पादन थांबवलं तरी चालूच राहतो. त्यामुळे भाव पडले तरी कंपन्या बराच काळ माल काढत राहतात आणि भाव आणखी पडतात. तेजी आली की तिघीही एकदम विस्तार करायला घेतात आणि तो विस्तार बाजारात पोचेपर्यंत मागणी कदाचित बदललेली असते. कोविडच्या काळात लोकांनी भरमसाट संगणक आणि मोबाइल घेतले. 2022 च्या मध्यापासून ती खरेदी आटली आणि मालाचे ढीग साचले. मायक्रॉनला अखेर चकत्यांचं काम जवळपास तीस टक्क्यांनी कमी करावं लागलं.

भावाची स्थिती निकालात जिथं स्वच्छ दिसते, तो आकडा म्हणजे ढोबळ नफ्याची टक्केवारी. विक्रीतून फक्त माल बनवण्याचा खर्च वजा केल्यावर शंभरातले किती उरले, ते तिथं कळतं. मायक्रॉनचा हा आकडा 2022 मध्ये 45 टक्के होता. 2023 मध्ये उणे 9 टक्के झाला, म्हणजे शंभर डॉलरचा माल विकण्यासाठी एकशे नऊ डॉलर खर्च. 2024 मध्ये 22 टक्के, 2025 मध्ये जवळजवळ 40 टक्के आणि नोव्हेंबर 2025 च्या तिमाहीत 56 टक्के. त्याच वेळी पुढच्या तिमाहीसाठी कंपनीने 18.7 अब्ज डॉलरच्या आसपास विक्री आणि 67 टक्क्यांच्या आसपास ढोबळ नफा होईल असा अंदाज दिला. निकाल हाती आला की पहिल्यांदा ही टक्केवारी शोधा आणि मागच्या चार तिमाहींशेजारी मांडा. ती चढत असेपर्यंत भाव कंपनीच्या बाजूने आहेत. ती एका जागी थांबली की सावध व्हा, मग विक्री कितीही वाढलेली असो.

साठा

माझ्या मते साठ्याची ओळ अख्ख्या निकालात सर्वांत जास्त सांगून जाते, आणि वाचली मात्र सर्वांत कमी जाते.

2023 चं वर्ष संपताना मायक्रॉनकडे सुमारे 8.4 अब्ज डॉलरचा माल साठून होता. 2025 चं वर्ष संपतानाही साठा सुमारे 8.4 अब्ज डॉलरच होता. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल, काही बदललं नाही. पण पहिल्या वेळी वर्षाची विक्री 15.54 अब्ज होती, दुसऱ्या वेळी 37.38 अब्ज. पहिला साठा गिऱ्हाइकाची वाट बघत पडून होता, दुसरा हातोहात जात होता. म्हणून साठा पैशांत मोजू नका, दिवसांत मोजा: आजच्या वेगाने माल गेला तर गोदाम किती दिवसांत रिकामं होईल. हा आकडा कंपनीचे अधिकारी निकालाच्या वेळी स्वतःच सांगतात. 2023 च्या अखेरीस तो 170 दिवसांच्या आसपास होता, 2025 च्या अखेरीस 124 दिवसांच्या आसपास. दिवस वाढू लागले आणि कंपनी ‘मागणी उत्तम आहे’ म्हणत असेल, तर दिवसांवर विश्वास ठेवा.

साठ्यातच आणखी एक बारकावा आहे. मालाची बाजारातली किंमत बनवण्याच्या खर्चाच्या खाली गेली, तर हिशेबाच्या नियमाप्रमाणे कंपनीला साठ्याची किंमत कमी करून तो तोटा लगेच दाखवावा लागतो. मार्च 2023 च्या सुरुवातीला संपलेल्या तिमाहीत मायक्रॉनने अशी 1.43 अब्ज डॉलरची घट दाखवली. पुढे तोच माल विकला गेला तेव्हा पुस्तकात त्याची किंमत आधीच उतरवलेली असल्यामुळे नफा प्रत्यक्षापेक्षा बरा दिसला. म्हणजे त्या तिमाहीतला तोटा काहीसा फुगलेला आणि त्यापुढच्या तिमाहींतली सुधारणाही काहीशी फुगलेली. यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. पण मंदीतून बाहेर येणाऱ्या मेमरी कंपनीचे पहिले दोन-तीन निकाल पाहून हुरळून जायचं नसतं, ते यासाठी. अशी घट किती दाखवली आणि तिचा फायदा पुढे किती मिळाला, हे निकालाच्या टिपांत लिहिलेलं असतं. टिपा वाचाच.

यंत्रांवरचा खर्च

2025 मध्ये 8.54 अब्ज डॉलर नफा झाला, मग एवढे पैसे हातात उरले का? नाही. धंद्यातून त्या वर्षी 17.53 अब्ज डॉलरची रोकड आली. त्यातले 13.8 अब्ज कारखाने आणि यंत्रांवर गेले. हातात राहिले 3.7 अब्जांच्या आसपास. नफ्याच्या निम्म्याहून कमी.

मेमरीच्या धंद्यात असं दरवर्षी चालतं. नवी पिढी आणली नाही तर प्रतिस्पर्धी त्याच चकतीवर जास्त चिप काढून स्वस्तात विकतो, म्हणून कमावलेला पैसा पुन्हा यंत्रांतच घालावा लागतो. 2026 च्या वर्षासाठी कंपनीने हा खर्च 20 अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचं ठरवलं. 2025 मध्ये लाभांश तिमाहीला शेअरमागे साडेअकरा सेंट होता, म्हणजे वर्षाला अर्धा डॉलरही नाही. घरखर्चाला हातभार लागेल म्हणून लाभांशासाठी शेअर घेणाऱ्यानं इकडे फिरकू नये.

यंत्रांवरच्या खर्चाची ओळ वाचताना फक्त मायक्रॉनची वाचून भागत नाही. सॅमसंग आणि एसके हायनिक्स किती खर्च करणार आहेत, चीनची सीएक्सएमटी किती वाढते आहे, हेही पाहावं लागतं, कारण उद्याचा भाव या सगळ्यांच्या आजच्या खर्चावर ठरतो. मायक्रॉनच्या आयडाहोमधल्या नव्या कारखान्यातून पहिल्या चकत्या 2027 च्या मध्याला अपेक्षित आहेत. नवा माल बाजारात येण्याचा काळ साधारण तिथून सुरू होतो आणि जो कुणी आज शेअर घेण्याचा विचार करतो त्यानं तो काळ ध्यानात ठेवावा.

या तेजीत वेगळं काय आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर एकच बाजू मांडल्यासारखं होईल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. डीरॅमच्या आठ-बारा चिप एकावर एक रचून ती बनवतात. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीरॅमपेक्षा तिला सुमारे तिप्पट चकत्या लागतात. त्यामुळे एचबीएम जितकी जास्त बनेल तितकी साधी डीरॅम कमी बनते आणि दोन्हीचे भाव चढतात. 2025 मध्ये मायक्रॉनच्या विक्रीतला निम्म्याहून जास्त वाटा, 56 टक्के, डेटा सेंटरचा होता, आणि 2026 सालच्या आपल्या एचबीएमचे भाव आणि प्रमाण गिऱ्हाइकांशी ठरवून झाल्याचं कंपनीने डिसेंबर 2025 मध्ये सांगितलं. आधीच झालेला करार ही या धंद्यात खरोखर नवी आणि चांगली गोष्ट आहे. पण ज्यांच्याशी करार झाले, त्या डेटा सेंटरवाल्यांचा खर्च आटला तर पुढचे करार कोणत्या भावाने होतील, याची हमी कोणताही निकाल देत नाही.

शेअरचा भाव स्वस्त कधी म्हणायचा

आपल्याकडे शेअर स्वस्त की महाग हे ठरवायला शेअरच्या भावाला शेअरमागच्या नफ्यानं भागतात. उत्तर लहान आलं की शेअर स्वस्त. बँकेला किंवा साबणाच्या कंपनीला ही पद्धत ठीक आहे. मेमरीला ती फसवते.

2022 मध्ये मायक्रॉनचा शेअरमागे नफा 7.75 डॉलर होता आणि सप्टेंबरच्या अखेरीस शेअर 50 डॉलरच्या आसपास मिळत होता. साडेसहा पट, म्हणजे कागदावर अगदी स्वस्त. पण तो नफा दुसऱ्याच वर्षी नाहीसा झाला आणि शेअरमागे 5.34 डॉलरचा तोटा आला. गंमत नव्हे, नीट समजून घेण्याची गोष्ट अशी की तोट्याच्या त्या वर्षात शेअर मात्र वर गेला, कारण बाजार पुढचं वर्ष पाहत होता. जून 2024 मध्ये शेअर 150 डॉलरच्या वर पोचला. मग एप्रिल 2025 मध्ये 70 च्या खाली आला, आणि या वेळी कंपनीची विक्री वाढतच होती! वर्षअखेरीपर्यंत तोच 250 च्या वर गेला. नफा आणि शेअरचा भाव एकाच दिशेने चालतील असं धरून चालणाऱ्याला या तीन वर्षांत दोनदा तरी चटका बसला असता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या पैशाची तीन-चार वर्षांत गरज पडणार आहे, मुलीचं लग्न, गावाकडचं घर, कॉलेजची फी, तो पैसा मेमरीच्या शेअरमध्ये घालू नये. ज्याच्याकडे त्यापलीकडचा पैसा आहे आणि जो निम्मी किंमत होताना पाहून घाबरून विकणार नाही, त्यानंच विचार करावा, तोही बचतीच्या छोट्या हिश्श्यापुरता.

साणंदच्या बातमीमुळे शेअर घेणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. तो प्रकल्प एकूण 2.75 अब्ज डॉलरचा जाहीर झाला. त्यातला निम्मा खर्च केंद्र सरकारचा, वीस टक्के गुजरात सरकारचा आणि मायक्रॉनचा वाटा 82.5 कोटी डॉलरपर्यंत, तोही काही वर्षांत विभागून. एकट्या 2025 मध्ये कंपनीनं कारखान्यांवर जे 13.8 अब्ज घातले, त्याच्याशी तुलना केली तर हा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास येतो. आपल्यासाठी साणंद मोठं आहे. कंपनीच्या ताळेबंदात ते लहान आहे. साणंदमुळे शेअर वाढेल हा हिशेब जुळत नाही.

आणि ज्यांना घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मायक्रॉन अमेरिकेच्या नॅसडॅकवर आहे, मुंबईच्या बाजारात नाही. परदेशात पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी पाठवले तर वरच्या रकमेवर वीस टक्के कर आधी कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. लाभांशावर अमेरिकेत पंचवीस टक्के कापले जातात. चोवीस महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, आधी विकला तर तुमच्या उत्पन्नाच्या दराने. परदेशी शेअर एक जरी असला तरी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावाच लागतो आणि पगारदारांचा सोपा पहिला फॉर्म मग चालत नाही. हे चुकवू नका, त्यासाठी दंड होऊ शकतो. गुंतवणूक 60 हजार डॉलरच्या वर गेली आणि माणूस गेला, तर वारसांना अमेरिकेच्या वारसा कराला तोंड द्यावं लागू शकतं, हेही घरात सांगून ठेवा.

परदेशात जायचं नाही म्हणून इथला ‘चिपचा शेअर’ शोधणाऱ्यांनी जास्त जपावं. भारतात मेमरी चिप बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आज नाही. सीजी पॉवर आणि केन्स यांचे साणंदला प्रकल्प आहेत, पण ते दुसऱ्यांच्या चिपची जोडणी आणि तपासणी करण्याचे, आणि त्या कंपन्यांचा मुख्य धंदा वेगळा आहे. धोलेऱ्याला टाटांचा 91 हजार कोटींचा कारखाना होतो आहे, तोही मेमरीचा नाही. आपल्या सुरतेत सुची सेमीकॉनचा कारखाना डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाला, तोही जोडणी आणि तपासणीचाच. याउलट नावात सेमीकंडक्टर शब्द असलेल्या एका छोट्या कंपनीचा शेअर दोन वर्षांच्या आत शेकडो पटींनी वाढला आणि 2025 मध्ये तिनं शेअर बाजाराला स्वतःच कळवलं की सेमीकंडक्टरचं कोणतंही उत्पादन आपण अजून सुरू केलेलं नाही. तोवर किती जणांनी नाव पाहून पैसे घातले असतील! शेअर घेण्याआधी वार्षिक अहवालातली विक्री आणि कामगारांची संख्या या दोन ओळी तरी वाचा.

दुकानदार आणि पालकांसाठी

डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं. दुकानातून सुटी मिळणारी रॅम आणि एसएसडी या नावानं विकली जात होती, आणि तिचा पुरवठा फेब्रुवारी 2026 पर्यंतच ठेवायचा असं ठरलं. कारण निकालातच आहे: डेटा सेंटरवाला जास्त भाव देतो, मग माल तिकडे जाणार. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भराभर चढले ते याच ओढाताणीमुळे. आधी विकलेल्या मालाची वॉरंटी कंपनी पाळणार आहे, त्यामुळे जुनी बिलं जपून ठेवा. दुकानदारांनी चढ्या भावात उधारीवर मोठा साठा करू नये. 2022 मध्ये खरेदी आटल्यावर मालाचे ढीग कसे साचले ते वर आलंच आहे. मुलांसाठी लॅपटॉप घेणार असाल तर पुढे रॅम वाढवू या भरवशावर कमी रॅमचा घेऊ नका, लागेल तेवढी सुरुवातीलाच घ्या.

नोकरी

साणंदचा कारखाना सिलिकॉनच्या चकतीवर चिप कोरण्याचा नाही. कोरलेल्या चकत्या परदेशातल्या कारखान्यांतून येतात. इथं त्या कापणं, चिप जोडून वेष्टनात बसवणं, तपासणं आणि त्यातून मेमरीच्या पट्ट्या व एसएसडी बनवणं ही कामं. सप्टेंबर 2023 मध्ये चारोडीजवळ पायाभरणी झाली. कंपनीने काही वर्षांत मिळून 5 हजार थेट नोकऱ्यांचा अंदाज दिला होता. काम चोवीस तास पाळ्यांत चालतं. धूळविरहित खोलीत, अंगभर पोशाख घालून, तासन्‌तास उभं राहून करायचं. यंत्रं स्वयंचलित असल्यामुळे माणसाचं काम यंत्राकडे लक्ष देण्याचं, बिघाड लवकर ओळखण्याचं आणि नोंदी चोख ठेवण्याचं. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल या शाखांचा डिप्लोमा किंवा आयटीआय केलेल्यांना इथं वाव आहे. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून शिकलेल्या मुलानं मागे हटायचं काही कारण नाही; मात्र यंत्रावरच्या सूचना आणि अहवाल इंग्रजीत असतात, तेवढं वाचता-लिहिता येण्याची तयारी आतापासून करून घ्यावी.

टिकेल का, याचं उत्तर पुन्हा निकालात. डिसेंबर 2022 मध्ये मायक्रॉनने जगभरातले दहा टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं आणि दोनच महिन्यांत तो आकडा पंधरा टक्क्यांच्या जवळ नेला. बोनसही थांबवला. हे अचानक झालं नव्हतं. साठ्याचे दिवस आधीच वाढत होते, ढोबळ नफा घसरत होता, यंत्रांवरचा खर्च कापला जात होता. नोकरीला लागलेल्या मुलानं शेअर घेतला नाही तरी चालेल, पण आपल्या कंपनीचा निकाल वर्षातून चार वेळा जरूर वाचावा. चांगल्या वर्षातला बोनस खर्च न करता बाजूला टाकावा आणि दर वर्षी एखादं नवं कौशल्य, एखाद्या वेगळ्या यंत्राचं प्रशिक्षण पदरात पाडून घ्यावं. धोलेरा आणि साणंदमध्ये एकाहून अधिक कारखाने येत आहेत, त्यामुळे असं शिकलेलं दुसरीकडे वाया जात नाही.

घरातून साणंदला जाण्याचा विचार करणाऱ्यांनी एक खर्चही मांडून पाहावा. कोसाडहून रोज ये-जा करता येणार नाही. खोली, जेवण आणि महिन्यातून दोनदा घरी येण्याचं भाडं वजा करून हातात काय राहतं ते पगाराच्या आकड्यासमोर लिहा. इथल्या कामाच्या तुलनेत सुरुवातीला कदाचित फारसा फरक दिसणार नाही. फरक पडतो तो पाच वर्षांनी, अनुभव जमा झाल्यावर, आणि त्यासाठी थांबण्याची तयारी घरच्यांचीही हवी.

शेवटी, ‘चिपच्या कंपनीत लावून देतो’ म्हणत फिरणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. भरतीसाठी, मुलाखतीसाठी किंवा प्रशिक्षणाच्या ‘सीट’साठी कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. अर्ज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.